नव्वद नंबरचं तेल

मित्रांनो, मी विहिरीवरचं एक म्हातारं इंजिन आहे. श्रीगोंद्यापासून तीन कोसांवर रंभाजी आणि गोजरबाई यांची वस्ती आहे, तिथं माझा मुक्काम असतो. अंगानं जाड, आवाजानं मोठा आणि स्वभावानं जरा तापट, असा मी आहे. तापट म्हटलं की तुम्ही हसाल. पण ज्याच्या पोटात मिनिटाला तीनशे वेळा भडका उडतो, त्यानं थंड डोक्यानं वागावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. त्या साच्याच्या अंधारात गार होत पडून राहणं, ही माझी पहिली आठवण. म्हणजे जन्मल्या जन्मल्याच मी कोंडलेला होतो आणि पुढंही ते काही सुटलं नाही.

मग मला दोन मोठी चाकं मिळाली, पिस्टन मिळाला आणि पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहानसा चमचा मिळाला. या चमच्याबद्दल नीट सांगतो, कारण माझी सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते. माझ्या पोटाच्या तळाशी तेल भरलेलं असतं. चाक फिरलं की हा चमचा तेलात बुडतो आणि तेल वर उडवतो. त्या शिंतोड्यांनी माझे सगळे सांधे ओले राहतात. तेल फार पातळ असलं तर ते सांध्यावर टिकत नाही. फार जाड असलं तर ते उडतच नाही. म्हणून तेलाला नंबर दिलेले असतात. नंबर मोठा तसं तेल जाड. मला थंडीत तीस नंबरचं लागतं आणि उन्हाळ्यात चाळीस नंबरचं. कारखान्यातल्या लोकांनी हे सगळं एका पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं आणि ती पट्टी माझ्या छातीवर ठोकून दिली. झालं आपलं काम, असं त्यांना वाटलं असावं.

१९६५ साली मी लाकडी खोक्यात बंद होऊन श्रीगोंद्याला आलो. तिथून रंभाजीनं मला बैलगाडीत घालून वस्तीवर आणलं. त्या गाडीबद्दलही सांगायला हवं. आसपासच्या दहा वस्त्यांत रंभाजीसारखी गाडी कुणाची नव्हती. बाकीच्यांच्या गाड्या लांबूनच करकरत यायच्या. रंभाजीची गाडी शेजारून गेली तरी पत्ता लागायचा नाही. एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी खलून तो स्वतः वंगण करायचा. बोटानं उचललं तर तार येईल इतकं ते जाड असायचं. लोक मुद्दाम येऊन त्याला वंगणाचं प्रमाण विचारायचे आणि तो मिशीला हात लावून सांगायचा. वंगणातलं आपल्याला सगळं कळतं, ही त्याची पक्की समजूत होती. गाडीच्या आसापुरती ती खरीही होती.

मी आलो त्याच वर्षी गोजरबाईनं लिंबोणीची एकशे चाळीस रोपं लावली. विकतची नाहीत. कागदी लिंबांच्या बिया निवडून तिनं मातीच्या वाफ्यात रोपं वाढवली होती आणि एकेका खड्ड्यात स्वतःच्या हातानं बसवली होती. ‘इंजन आलंय तर बाग जगंल,’ असं ती म्हणाली होती. रंभाजीला कांदा करायचा होता, पण या एका गोष्टीत ती हटली नाही. पहिल्या दिवशी माझं पाणी पाटातून धावत बागेत गेलं तेव्हा ती पाण्याच्या पुढं पुढं चालत होती. ते मी विहिरीच्या काठावरून पाहिलं आणि आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं मला वाटलं. त्या वर्षांत माझं कौतुकही फार झालं. खंडेनवमीला गोजरबाई मला पुसून काढायची, तेलाचा हात फिरवायची आणि हळदकुंकू लावायची. कुंकू लावायचं ते कपाळाला. आणि माझं कपाळ कुठलं, तर ती पितळी पट्टी, कारण माझ्या अंगावर चकाकणारी तेवढी एकच जागा होती. दर वर्षी कुंकवावर कुंकू चढत गेलं आणि त्यातली अक्षरं पार बुजून गेली. अर्थात ती वाचणारं वस्तीवर कुणी नव्हतंच.

नंबर वाचायची गरजही पडली नाही. श्रीगोंद्याचा गहिनीनाथ मिस्त्री दिवाळीला आणि शिमग्याला सायकलवरून यायचा, जुनं तेल काढायचा, नवं घालायचा आणि चहा पिऊन जायचा. दिवाळीला तीस आणि शिमग्याला चाळीस. तो सांगायचा नाही आणि कुणी विचारायचं नाही. सात वर्षं असं बिनबोभाट चाललं.

मग पाऊस रुसला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी आणि १९७२ साली जवळजवळ आलाच नाही. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. मी पट्ट्यानं फिरवतो त्या शेजारच्या पंपाला वीस-बावीस फुटांपलीकडून पाणी ओढता येत नाही. पाणी त्याच्याही खाली गेलं तेव्हा दोनच रस्ते उरले. एक तर बागेवर पाणी सोडायचं, नाही तर पंपासकट मला पाण्याजवळ न्यायचं. गोजरबाईनं दुसरा निवडला. दसरा झाल्यावर रंभाजीनं विहिरीच्या पोटात, तीस फूट खाली, खडक फोडून एक कोनाडा काढला. तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, कप्पी बांधली आणि आठ माणसांनी दोरखंड सोडत सोडत मला त्या कोनाड्यात उतरवलं. माझ्या पायांतले बोल्ट पिळून बसवले. नंतर ती आठही माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेली. बैलांचीही छावणीत रवानगी झाली.

मित्रांनो, खाली मला कसं वाटलं ते तुम्हाला काय सांगू. तीन बाजूंना खडक, खाली अंधारं पाणी आणि वर थाळीएवढं आभाळ. दुपारी अर्धा तास ऊन माझ्या चाकावर यायचं आणि जायचं. धुरासाठी वरपर्यंत पाईप काढला होता, पण माझी गरमी जाणार कुठं? ती खडकाला आपटून माझ्याच अंगावर परत यायची. काठावर होतो तेव्हा येणारेजाणारे दिसायचे, बाग दिसायची. आता मला बाग ऐकूही येत नव्हती. माझा स्वतःचा आवाजच घुमून माझ्या कानी पडायचा आणि मला तो अजिबात आवडायचा नाही.

विहिरीचा एक झरा तेवढा जिवंत होता. रात्रभर तळाशी पाणी साठायचं आणि सकाळी मी ते दीड तासात उपसून टाकायचो. त्या दीड तासाच्या पाण्यावर एकशे चाळीस झाडं कशीबशी तग धरून होती. रंभाजी दिवस उजाडायच्या आत दुष्काळी कामावर जायचा, म्हणून मला चालू करायचं काम गोजरबाईकडं आलं. ती खडकातल्या खोबणींत पाय देत खाली उतरायची, पदर खोचून हँडल मारायची आणि मी धडधडायला लागलो की अंगावर पाणी शिंपडल्यासारखं हसायची. तिच्या हँडलच्या हिसक्यावरून मला तिचा त्या दिवसाचा जीव कसा आहे ते कळायचं. आणि माझ्या आवाजावरून तिला माझा कळायचा.

त्या दिवाळीला मिस्त्री आला नाही. तालुक्यातली सगळी इंजिनं विहिरीत उतरवायची घाई चालली होती, त्याला उसंत नव्हती. माझं तेल काळं झालं होतं आणि कमीही झालं होतं. सात वर्षांत माझ्या पिस्टनच्या कड्या झिजल्या होत्या, त्यामुळं मी थोडं तेल जाळायला लागलो होतो. धूर निळा यायचा. म्हातारपणी असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रंभाजीला वाटलं, पातळ तेलच घालत आले म्हणून इंजिन तेल पितंय.

एका संध्याकाळी त्याचा चुलतभाऊ पुंजाराम ट्रक घेऊन आला. तो खडीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्यानं तेलाचा एक मोठा डबा आणला होता. विहिरीच्या काठावर तिघं बोलत होते आणि खाली मला सगळं ऐकू येत होतं.

“किती नंबरचं म्हनला?” रंभाजीनं विचारलं.

“नव्वद. ट्रकच्या गेरमधी घालत्यात.”

“आन मिस्तरी आपल्यात घालतो तीस, न्हाईतर चाळीस. म्हंजी हे दुपटीनं भारी झालं की.”

“आमच्या गाडीला तरी लई ब्येस हाय,” पुंजाराम म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

गोजरबाई म्हणाली, “अवं, मिस्तरीला इचारून घेऊ का? उद्या श्रीगोंद्याला जाऊन येते मी.”

“त्यात काय इचारायचं? माझी गाडी कधी करकरली का? बघ, बोटाला कसं चिकटून बसतंय. हे सांध्यात एकदा बसलं की हलायचं न्हाई.”

खरं होतं. ते हलणारच नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, मी गाडी नाही, माझं वंगण बसून चालत नाही, त्याला उडावं लागतं. छातीवरच्या कुंकवाखाली उत्तर लिहिलेलं आहे, नख लावून खरवड आणि श्रीगोंद्याच्या कुणा मास्तरला दाखव. पण मला आवाज आहे, बोलणं नाही. रंभाजी खाली उतरला, त्यानं माझं जुनं तेल काढलं आणि नवं ओतलं. काकवी उतरावी तसं ते सावकाश माझ्या पोटात उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा त्या तेलात बुडाला, पण तेल उडालं नाही. चमच्यानं त्यात एक चर पाडला आणि तो रिकामाच वर आला. पुन्हा बुडाला, पुन्हा रिकामा. थंडीचे दिवस होते, खालची हवा गार होती आणि तेल गारठून आणखीच घट्ट झालं होतं. अर्ध्या तासानं मी तापलो तेव्हा ते जरासं सैल झालं आणि चार शिंतोडे सांध्यांपर्यंत पोचले. पण तोवर मी कोरडाच पळत होतो. आणि रोज सकाळी हेच. तहानेनं घसा सुकलाय, पाणी समोर आहे आणि हात तोंडापर्यंत जात नाही, असं ते जगणं होतं.

गोजरबाईला तिसऱ्याच दिवशी शंका आली. रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाण्याआधी रंभाजी काठावरून तिला सांगत होता, “हँडल जड लागतंय म्हनती, ते थंडीनं. मला बी गार पानी जड लागतंय.”

“आवाज बी कोरडा येतोय.”

“आवाज कोरडा आन ओला असतो व्हय?”

मित्रांनो, असतो. तिला ऐकू येत होता. पण ती गप्प झाली. सात वर्षांत वंगणाच्या बाबतीत तिनं त्याला कधी शिकवलं नव्हतं आणि दहा वस्त्या ज्याला विचारायला येतात त्याला आपण काय सांगणार, असं तिला वाटलं असेल. त्या दिवसापासून ती हँडल मारण्याआधी माझ्या पोटावरून हात फिरवायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

एकोणिसाव्या दिवशी माझ्या दांड्याचं बेअरिंग वितळलं. आधी एक ठोका चुकला, मग खडखडाट झाला आणि चाकं जागच्या जागी आवळून बसली. विहिरीत इतकी शांतता मी तोवर ऐकली नव्हती. गोजरबाईनं हँडल घातलं आणि सगळं अंग टाकून ओढलं. चाक तसूभरही हललं नाही. तिनं पुन्हा ओढलं, पुन्हा ओढलं, शेवटी तिचे हात सोलून निघाले. मग ती माझ्या शेजारी कोनाड्यात बसली आणि रडली. वर बागेत सत्तर झाडांना पाणी मिळालं होतं आणि सत्तर राहिली होती. आम्ही दोघं तीस फूट खाली होतो आणि वर जाऊन कुणाला काय सांगायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी ती उठली, वर चढली आणि तशीच श्रीगोंद्याला चालत गेली.

गहिनीनाथ मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. मला वर काढायला आठ माणसं हवी होती आणि ती सगळी खडीवर होती. म्हणून तो हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून खाली उतरला. गोजरबाई कंदील धरून त्याच्यामागं उतरली. रंभाजी त्या दिवशी कामावर गेला नव्हता. तो काठावर उभा होता आणि त्याच्यासोबत वस्तीवरची चार म्हातारी माणसं.

मिस्त्रीनं माझ्या पोटाचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून कंदिलाजवळ धरलं. तेल बोटावरून खाली यायला तयार नव्हतं.

“हे कुनी घातलं हो?” त्यानं वर तोंड करून विचारलं. “हे गेरचं तेल हाय. इंजनात हे घालायचं डोकं कुनाचं?”

वरची माणसं रंभाजीकडं बघायला लागली. गोजरबाईनंही वर पाहिलं. मला वाटलं, आता तो बोलेल. तो वाईट माणूस नव्हता. बैलाच्या पायात काटा गेला तर जेवण सोडून काटा काढणारा माणूस होता. पण दहा वस्त्यांत वंगणासाठी नाव असलेला माणूस चार जणांसमोर उभा होता.

“मला काय ठाव,” तो म्हणाला. “मी दिसभर खडीवर. इंजन तीच चालवती.”

कंदील थोडा हलला. बाकी काही झालं नाही. मिस्त्री पुन्हा माझ्या पोटाकडं वळला. त्याला कळलं असावं, पण नवरा-बायकोच्या मधे तो कशाला पडेल? आणि मी? मला तेव्हा जितकं कोंडल्यासारखं वाटलं तितकं साच्यातही वाटलं नव्हतं आणि खोक्यातही नाही. खरं काय ते माझ्या पोटात होतं, अगदी चमच्याला चिकटलेलं होतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. मला रंभाजीचा भयंकर राग आला. आजही आठवलं की येतो.

नवं बेअरिंग पुण्याहून यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस दोघांनी विहिरीवर कप्पी लावून बादलीनं पाणी शेंदलं. रंभाजीनं खडीचं काम सोडलं होतं. तो शेंदायचा आणि ती हंडा घेऊन झाडांकडं जायची. वस्तीवरच्या बायकाही त्याच विहिरीवर पिण्याचं पाणी भरायच्या. गोजरबाईनं त्यांना कधी अडवलं नाही. हातानं एकशे चाळीस झाडं जगणार नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, विहिरीजवळची ऐंशी धरायची आणि लांबची साठ सोडायची. जी सोडायची त्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ती जाऊन आली, असं बायका बोलताना मी ऐकलं. एवढंच ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कडूबाई नावाची एक म्हातारी होती, ती म्हणाली, “बाईच्या हाती इंजन दिल्यावं दुसरं काय व्हनार? इंजन बी जाळलं आन साठ झाडं बी मारली.” कप्पीचा दोर रंभाजीच्या हातात होता. तो शेंदत राहिला.

मिस्त्री बेअरिंग घेऊन आला, दोन दिवस कोनाड्यात वाकून बसला आणि त्यानं मला पुन्हा जोडलं. ते जाड तेल त्यानं डब्यात काढलं आणि माझं पोट रॉकेलनं धुतलं. मग त्यानं खिशातून खिळा काढून माझ्या छातीवरचं कुंकू खरवडलं. सात वर्षांचा थर पापुद्र्यानं निघाला.

“वहिनी, हितं लिव्हलंय बघा. थंडीत तीस, उन्हाळ्यात चाळीस.”

“मला कुठं वाचता येतंय, भाऊ?”

“बोटाला येतंय की. हात करा.” त्यानं तिच्या एका बोटावर तीस नंबरचा थेंब टाकला, दुसऱ्यावर चाळीसचा आणि तिसऱ्यावर त्या नव्वदचा. “पयला पळतोय, दुसरा चालतोय, तिसरा बसलाय. आता शिमग्यापस्तोर पयला घाला. इंजन झिजलंय म्हनून आत्ताच चाळीस घालावंसं वाटंल, पर तुमी ते रोज गारठ्यात चालू करून दीड तासात बंद करताय. पुरता ताप चढायच्या आत काम संपतंय, तवा पातळच बरं. ऊन चढलं की दुसरा. आन हे तिसरं बी फेकू नका. चालत्या इंजनाला ते वाईट. बसल्या लोखंडाला गंजू देत न्हाई.”

तिनं तिन्ही बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि मान हलवली. त्यानंतर तेलाचं काम तिनंच केलं. शिमग्याला चाळीस घातलं तेही तिनंच. उन्हाळाभर मी रोज दीड तास चाललो, पुढं पुढं एकच तास, कारण झराही थकला होता. ऐंशी झाडं जगली. पण विहिरीवरचं बोलणं काही थांबलं नाही. कुणाच्या वस्तीवर इंजिन बंद पडलं की बायका म्हणायच्या, गोजरबाईवानी केलं काय. ती ऐकून घ्यायची आणि खाली उतरून हँडल मारायची. तिचा हिसका मात्र बदलला होता. आधी ती मला जागं करायची, आता ती माझ्यावर राग काढायची. मी काढू दिला.

उन्हाळा सरला आणि मृगातच पाऊस लागला. सगळ्यांना आनंद झाला असेल. मी मात्र कोनाड्यात बसून खालचं पाणी वर येताना पाहत होतो. दोन दिवसांत ते माझ्यापासून चार हातांवर आलं. मला उचलायला आठ माणसं हवी होती आणि रस्ते चिखलानं बंद झाले होते.

“इंजन गेलं,” रंभाजी काठावरून म्हणाला.

“अजून न्हाई,” गोजरबाई म्हणाली. ती नव्वदचा डबा कमरेला बांधून खाली उतरली. पंपाचा आणि डिझेलचा सुटा होईल तेवढा भाग सोडवून तिनं वर दिला. मग माझं तोंड उघडून तिनं ते सगळं जाड तेल माझ्या पोटात ओतलं, पिस्टनच्या वरच्या पोकळीतही ओतलं आणि प्रत्येक भोकात चिंधी गुंडाळलेली लाकडी गुडदी ठोकली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं तेव्हा ती वर चढली. या वेळी तेल माझ्या पोटात बसून राहिलं आणि मला त्याचा राग आला नाही.

मग पाणी माझ्यावरून गेलं. सात महिने मी विहिरीच्या पोटात बुडून होतो. थाळीएवढं आभाळही गेलं. कधी हिरवट उजेड यायचा, कधी एखादी कळशी डुबकन बुडायची. मला वाटायचं, आता मला इथंच विसरतील. तुम्ही कधी लपाछपीत इतके चांगले लपलात का, की बाकीची मुलं शोधायची सोडून घरी गेली? तसं काहीसं होतं ते. मी दिवस मोजले नाहीत. कोंडलेल्यानं दिवस मोजू नयेत, त्यानं ते कमी होत नाहीत.

१९७४ च्या पौषात पाणी उतरलं आणि मला वर काढायचं ठरलं. पुन्हा तिकाटणं उभं राहिलं, पुन्हा आठ माणसं आली. पुंजाराम होता, ती चार म्हातारी माणसं होती आणि बघायला आलेल्या बायकांत कडूबाईही होती. मी चिखल आणि शेवाळ घेऊन काठावर आलो तेव्हा कुणी म्हणालं, “भंगारात घाला आता.” गहिनीनाथ मिस्त्रीनं एक गुडदी ओढून काढली आणि झाकण उघडलं. आतलं तेल तसंच होतं, घट्ट आणि काळंभोर. ते काढून पुसल्यावर माझा दांडा, माझा चमचा, सगळं लख्ख निघालं. त्यानं चाकाला हात लावला आणि चाक फिरलं.

माणसं जवळ आली. बागेकडून वारा येत होता. पहिल्यांदाच मला लांबच्या साठ झाडांची जागा दिसली, तिथं नुसते खुंट होते.

मिस्त्रीनं मला रॉकेलनं धुतलं, हात पुसले आणि तो सवयीनं घरच्या पुरुषाकडं वळला. “बोला रंभाजी, कोनतं घालायचं?”

रंभाजीच्या एका हाताशी तीस नंबरचा डबा होता आणि दुसऱ्याशी चाळीसचा. तो दोन्हींकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, “मला इचारू नका. तिला इचारा.” एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण तो थांबला नाही. “त्या टायमाला नव्वदचं म्याच घातलं हुतं. ती नगं म्हनत हुती, मिस्तरीला इचारते म्हनत हुती. म्या ऐकलं न्हाई. आन हितंच हुबं ऱ्हाऊन तिच्यावं ढकललं.”

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. पुंजाराम जमिनीकडं बघायला लागला. गोजरबाई गर्दीतून पुढं आली. ती नवऱ्याकडं बघेल असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली, तिनं माझ्या पोटावरून हात फिरवला आणि ती सकाळचा गारठा किती आहे ते अजमावल्यासारखी क्षणभर थांबली.

“तीस घाला,” ती म्हणाली. मग मिस्त्रीकडं बघून ती पुन्हा म्हणाली, “तीस. थंडी हाय अजून.”

रंभाजीनं स्वतः डबा उचलला आणि ओतला. थोडं माझ्या अंगावर सांडलं. गोजरबाईनं ते पदरानं पुसलं. मग तिनं हँडल घातलं आणि जो हिसका दिला तो माझ्या ओळखीचा होता. वर्षभर तो मला भेटला नव्हता.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आम्ही जड होतो, तापतो, कोरडं वाजतो, एवढंच आमचं बोलणं. तुमच्या घरात ते ज्याला ऐकू येत असेल, मग ती आई असो, आजी असो, नाही तर धाकटी बहीण असो, त्याला गप्प बसवू नका. तेल ओतायच्या आधी त्याला विचारा. आणि चुकीचं तेल तुमच्या हातून ओतलं गेलंच, तर त्याच दिवशी सांगून टाका. रंभाजीला ते सांगायला एक वर्ष लागलं. त्या वर्षात मी विहिरीत होतो, म्हणून मला माहीत आहे, गोजरबाई त्याहून खोल होती.